पान कोणासाठी?

दिवाळी अंक घरात आला की त्याच्यावर पहिला हक्क कोणाचा, यावरून अजूनही पुष्कळ घरांत गोड तंटे होतात. आजोबांना लेख हवे असतात, वहिनींना कथा, मुलांना व्यंगचित्रे. आणि राशिभविष्यावर आपला विश्वास नाही असे म्हणणारे ते सर्वांच्या आधी उघडून बसतात. पण अंक कोणाच्याही हाती पडो, प्रत्येक जण आधी तो चाळतो. चाळणे म्हणजे वाचणे नव्हे. तरीही काय वाचायचे आणि काय उद्यावर टाकायचे, याचा अर्धाअधिक निर्णय त्या चाळण्यातच होऊन जातो. हा निर्णय लेखकाच्या हाती नसतो. तो पानाच्या हाती असतो. अक्षर केवढे आहे, ओळ किती लांब आहे, समास मोकळा आहे की कोंडलेला, मथळा बोलावतो आहे की ओरडतो आहे, एवढ्यावरून डोळा ठरतो किंवा पुढे सरकतो.

आपल्या टीकावाङ्मयाने मात्र पानाकडे फारसे पाहिलेले नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि या परंपरेचा पाया घातला, हे आपण अगत्याने सांगतो. १९४५ पासून दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ चित्रांनी कशी सजवली, त्याचीही आठवण काढतो. पण मुखपृष्ठ उलटून आत गेलो की ज्याने खिळ्याला खिळा लावून मजकूर उभा केला, त्या जुळाऱ्याबद्दल टीकाकार अवाक्षर काढत नाही. बापूराव नाईकांसारखा एखादा मुद्रणशास्त्राचा जाणकार देवनागरीच्या मुद्राक्षरांवर १९७१ मध्ये इंग्रजीतून मोठा ग्रंथ सिद्ध करतो आणि तो ग्रंथ जाणत्यांच्या कपाटात राहतो. कवितेची समीक्षा होते. कविता ज्या पानावर बसली त्याची होत नाही. ही उणीव आज अधिक जाणवण्याचे कारण असे की, जुळाऱ्याचे काम आता संगणकावर आले आहे आणि ते शिकणारी मुले गावोगाव आहेत. ती काय शिकतात, कोणत्या कामांवरून शिकतात, हा प्रश्न केवळ धंदेशिक्षणाचा नाही. उद्याचे मराठी पान कसे दिसणार, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

डी. टी. पी.चा अभ्यासक्रम पुरा केलेल्या एका विद्यार्थ्याची प्रकल्पवही सध्या माझ्या टेबलावर आहे. वर्ग कोणता, गाव कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. अशा वह्या बहुधा एकाच वळणाच्या असतात. आत व्हिजिटिंग कार्ड आहे, लेटरहेड आहे, हँडबिल आहे, लग्नपत्रिका आहे, वर्तमानपत्राचे एक पान आहे आणि शेवटी पुस्तकाची चार पाने आहेत. साहित्यकृतीचे परीक्षण करावे तसे या वहीचे परीक्षण करायला काय हरकत आहे?

व्हिजिटिंग कार्ड ए.बी.सी. नावाच्या कंपनीचे आहे. ही कंपनी कोठेच नाही. तिचा मालक नाही, तिला गिऱ्हाईक नाही, आणि तिच्या दूरध्वनी क्रमांकात नुसती नऊची रांग आहे. साहजिकच या कार्डावर काही चुकणेच शक्य नाही. लग्नपत्रिकेतले वधूवर एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातून आलेले आहेत. त्यांना ना आजोळ, ना मामा, ना ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ म्हणणारा कोणी घरमालक. सगळ्यांत बोलकी आहेत ती पुस्तकाची चार पाने. त्यांत ‘लोरेम इप्सम’ने सुरू होणारा लॅटिन मजकूर ओतलेला आहे. सिसेरो या रोमन वक्त्याच्या ग्रंथातला उतारा मोडून-तोडून केलेला हा अर्थशून्य मजकूर जगभरचे कारागीर पानाची जागा भरून पाहण्यासाठी वापरतात. जाणत्याच्या हाती तो सोयीचा आहे. शिकणाऱ्याच्या हाती तो घातक आहे. हे पान कोणी वाचणार नाही, हे विद्यार्थ्याला ठाऊक आहे, शिक्षकाला ठाऊक आहे, आणि असे म्हणता आले तर त्या पानालाही ठाऊक आहे.

त्यातल्या त्यात वर्तमानपत्राचे पान मराठीत आहे, म्हणून तेथे रेंगाळलो. मथळ्यातली अक्षरे फाकवून लांब केली आहेत. रोमन लिपीतली मोठी अक्षरे अशी सुटी सुटी मांडली तर शोभतात, कारण ती मुळातच सुटी आहेत. आपली अक्षरे शिरोरेषेने एकमेकांचा हात धरून उभी असतात. ती फाकवली की रेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसते. खाली मजकुराच्या ओळी इतक्या जवळ आणल्या आहेत की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. इंग्रजीला पुरणारे ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार, असा दोन मजली संसार असतो. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सारख्या करण्याच्या हट्टापायी शब्दांमध्ये पांढरे ओहोळ पडले आहेत. आणि सबंध पानभर ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘दुसर्या’ असा छापला आहे.

ही शेवटची चूक बारीक वाटेल, पण मराठी पान करणाऱ्याची खरी परीक्षा तेथेच आहे. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण होते, ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन. एका अर्ध्या ‘र’च्या वळणात पंगत आणि प्रवचन यांच्याएवढे अंतर मावते. हे अंतर यंत्राला आपण होऊन कळत नाही. ते पान करणाऱ्याला कळावे लागते. आणि त्याला ते केव्हा कळते? पंगत खरोखरची असते तेव्हा.

आता हा सगळा दोष त्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो ज्या साधनांवर शिकला त्यांचा इतिहासही पाहिला पाहिजे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ उभा केला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने त्या अक्षरांचे साचे कोरले, तेव्हा साधन आणि लिपी एकाच घरात वाढत होती. लिपीला काय हवे ते कारागीर जाणत होता. संगणकावरचे पान आले ते मात्र परक्या लिपीच्या घरातून. ‘पेजमेकर’ १९८५ मध्ये अमेरिकेत निघाला; त्याला देवनागरीची गंधवार्ता नव्हती. आपल्या पुण्यामुंबईच्या मंडळींनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले आणि यंत्राला पत्ता लागू न देता त्याच्याकडून मराठी पाने करून घेतली. श्रीलिपीसारख्या साधनांच्या बळावर कितीतरी वर्षे आपली पुस्तके, पत्रिका आणि दिवाळी अंकही याच युक्तीने निघाले. तिचे ऋण मोठे आहे. पण तिची किंमतही पडली. एका दुकानात जुळवलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की त्याचा चिखल होतो, कारण यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. ‘पेजमेकर’ला ती अखेरपर्यंत उमगली नाही, आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. तरीही ज्यांचा हात त्याच्यावर बसला आहे ते त्याच्यावरच शिकवतात. परिणामी मुले आज्ञा पाठ करतात. अक्षर शिकत नाहीत.

याच्या उलट जेथे अक्षर शिकवले गेले, तेथे काय घडले तेही पाहू. दोन उदाहरणे देतो.

पहिले अमळनेरचे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. छापखाना नाही, खिळे नाहीत, वर्गणीदार नाहीत. कागद, शाई आणि रोजचे पान. पण त्या पानाचा वाचक पलीकडच्या खोलीत राहत होता. चुकलेला मजकूर त्याच संध्याकाळी कोणीतरी दाखवून देऊ शकत होते. कंटाळवाणा मजकूर मुले न वाचताच पुढे जाऊ शकत होती. पुढे १९२८ मध्ये गुरुजींनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले आणि १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक. ज्या हाताने एका छात्रालयासाठी पान लिहिले, त्याच हाताने पुढे महाराष्ट्रासाठी साप्ताहिक काढले. वाचक जवळचा असला की शिक्षण किती दूर जाते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार. संगणकावर ‘मंगल’ नावाचे जे देवनागरी अक्षर आपण सारे पाहतो, ते त्यांनी घडवले. अच्युत पालव यांनी विद्यार्थिदशेनंतर लगेच ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर, जोशींच्या मार्गदर्शनाखाली मोडी लिपीचा अभ्यास केला. वरवर पाहता हा निव्वळ प्रकल्प होता. पण त्याला खरी कागदपत्रे होती, शतकानुशतकांचे खरे हात होते, आणि शेजारी उभा राहून ‘हे वळण असे का?’ असे विचारणारा गुरू होता. त्यातून मोडीचा ओघ आणि देवनागरीचा डौल यांना एकत्र आणणारी पालवांची ‘मुक्तलिपी’ आली. काल्पनिक कंपनीचे कार्ड करून असे काही निघाले नसते.

या दोन्ही उदाहरणांत साधनांची श्रीमंती नाही. दोन्हींत एक गोष्ट आहे: काम करणाऱ्याला कोणाला तरी उत्तर द्यायचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला एक तरी खरा वाचक असावा आणि चुकीची झळ त्या वाचकाला बसणार आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असावे. बाकीचे शिक्षण त्याच्या मागोमाग येते.

आता हे अमळनेर आणि मुंबई आमच्या ईटला आणून पाहू. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटच्या अंगाखांद्यावर वसलेले हे गाव. छापील मजकुराची येथे मुळीच वाण नाही. चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आहेत, पत्रिका आहेत, दशक्रियेची कार्डे आहेत, यात्रेची हँडबिले आहेत, ग्रामसभेच्या नोटिसा आहेत. म्हणजे प्रकल्प रस्त्यावर पडलेले आहेत. ते उचलून वर्गात नेणारे कोणी हवे.

आधी गावाचे नावच घ्या. ‘ईट’ हा दोन अक्षरांचा शब्द, पण जुळाऱ्याची झडतीच घेतो. रोमन अक्षरांतून मराठी टंकणारा घाईत ‘इट’ उमटवून मोकळा होतो. हिंदीची सवय असलेली यंत्रे त्याला अनुस्वार लावून त्याची वीट करून टाकतात. आणि फ्लेक्सवर अक्षराभोवती जाड किनार ओढली की ‘ई’च्या डोक्यावरचा आकडा त्या किनारीत बुडून जातो, मग दीर्घ काय आणि ऱ्हस्व काय! गावच्या विद्यार्थ्याला पहिला धडा द्यायचा तर तो हाच द्यावा: आपल्या गावाचे नाव शंभर पावलांवरून चुकल्याशिवाय वाचता येईल असे लिहून दाखव. यात फॉन्टची निवड आली, जाडी आली, रंगाची पार्श्वभूमी आली आणि शुद्धलेखनही आले.

दुसरा धडा खव्याचा. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे आणि कुंथलगिरीच्या पेढ्याची कीर्ती तर देवदर्शनाला आलेल्या प्रत्येक यात्रेकरूने बरोबर नेलेली आहे. एखाद्या लहान विक्रेत्याच्या पेढ्याच्या खोक्यासाठी लेबल करायचे ठरवा. नाव आणि नक्षी हे काम दुपारचे आहे. पण लेबलावर निव्वळ वजन हवे, किंमत हवी, बनवल्याची तारीख हवी, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक हवा, शाकाहाराची चौकोनातली हिरवी खूण हवी. दुधाचा माल, तारीख वाचता आली नाही तर नुकसान खाणाऱ्याच्या पोटाचे. येथे विद्यार्थ्याला प्रथमच कळते की सजावट आणि रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर झळाळणारा केशरी रंग कागदावर मळकट का उतरतो, हेही त्याला येथेच कळते: पडदा उजेडाचे रंग मिसळतो आणि छापखाना शाईचे.

तिसरा धडा शाळेच्या वार्षिकाचा. अशी विद्यार्थ्यांनी हाताने केलेली काही हस्तलिखिते मी पाहिली आहेत. त्यांत नक्षीची हौस जास्त असते, अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकलेले असतात, एका कवितेचा शेवट जागा न उरल्याने समासात वळलेला असतो. पण त्या समासात वळलेल्या ओळीकडे पाहताना मला प्रकल्पवहीतल्या निर्दोष व्हिजिटिंग कार्डापेक्षा अधिक आनंद होतो. ती ओळ गाळायची नाही, असे कोणाला तरी वाटले. कवितेचा कवी पुढच्याच बाकावर बसला होता. हीच हस्तलिखिते मुलांनी संगणकावर उतरवावीत. पैशाचा प्रश्न येत नाही. ‘स्क्रायबस’ हे पानरचनेचे साधन फुकट मिळते आणि १ जानेवारी २०२४ ला निघालेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे नीट बसतात. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी घडवलेली ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखी अक्षरे कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ‘मोदक’ नावाचे एक तर इतके गुबगुबीत आहे की दिवाळीच्या फराळातही शोभावे. काही फॉन्टांत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी सांगितली की ‘ल’ आणि ‘श’ आपली मराठी वळणे घेतात. ती सांगितली नाही तर हिंदीची घेतात. ही एक सूचना देण्याची सवय मुलांना लागली तरी पुष्कळ झाले.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला असा की, खरी कामे दिली तर शाळा आणि दुकानदार मुलांकडून फुकट राबवून घेतील. भीती खरी आहे. म्हणून नियम असावा: काम शिकण्यापुरते, एकदाचे, त्यावर मुलाचे नाव, आणि धंद्याचे काम असेल तर त्याचा मोबदला. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. गिऱ्हाईक सांगेल ते करता करता मुलाची रुची बिघडेल. चार फोटो, सात रंग आणि तीन तऱ्हेच्या किनारी हेच त्याला सौंदर्य वाटू लागेल. हेही घडते, चौकातले फ्लेक्स साक्षीला आहेत. पण गिऱ्हाईक आणि वाचक यांत फरक आहे. पैसे देणारा एक असतो, वाचणारे शंभर असतात. शिक्षकाने प्रत्येक कामाचे दोन खर्डे करायला लावावेत: एक मागणाऱ्याच्या मनासारखा आणि एक वाचणाऱ्याच्या सोयीचा. मग दोन्ही भिंतीवर लावून चष्मा लावणाऱ्या एखाद्या आजीला विचारावे, ‘यातले तुम्हाला कोणते वाचता येते?’ टीकाशास्त्रातले पुष्कळ वाद इतक्या लवकर मिटत नाहीत.

आणखी एक जण म्हणेल, आता यंत्रच क्षणात पत्रिका करून देते. मोबाइलवर तयार साचे आहेत. मग मुलांनी हे शिकावे कशाला? मला वाटते, शिकण्याची निकड यामुळेच वाढली आहे. आज्ञा पाठ असणाऱ्याची गरज यंत्राने कमी केली, हे खरे. तोच प्रमाणपत्र घेऊन पुण्याला गेलेल्या आमच्या मुलांचा प्रश्न आहे: ज्या कामासाठी ती गेली ते काम यंत्र करू लागले तर त्यांच्या हाती काय उरणार? उरेल ती पारख. साच्यात ‘दर्या’ पडला आहे की ‘दऱ्या’, दशक्रियेच्या कार्डावर गेलेल्या माणसाचे नाव बरोबर आहे की नाही, निधनाच्या वार्तेला फुलांची नक्षी शोभते की नाही, हे ठरवायला भाषा आणि माणसे माहीत असावी लागतात. ते ज्ञान ईटच्या मुलाकडे महानगरातल्या कारागिराहून कमी नाही. काकणभर अधिकच असेल. फक्त ते धंद्याचे भांडवल आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ए.बी.सी. कंपनीचे कार्ड करून ते त्याला कधीच कळणार नाही.

एवंच, चांगले पान म्हणजे वाचणाऱ्याविषयीचे सौजन्य आहे. पाहुण्याला बसायला पाट द्यावा, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा, तसे पान वाचकाला बसायला जागा देते. हे सौजन्य कोणत्याही साधनाच्या आज्ञावलीत नसते. ते पाहुणा दारी आल्यावरच अंगी बाणते. म्हणून मुलांच्या प्रकल्पांच्या दारी पाहुणे येऊ द्यावेत, एवढीच शिक्षकांना माझी विनंती आहे.

आणि एक विनंती वाचकांनाही. फराळाचे ताट बाजूला ठेवून हा अंक हाती घ्याल तेव्हा, कथा-कवितांकडे वळण्याआधी, श्रेयनामावलीचे पान उघडा. तेथे ‘अक्षरजुळणी’ आणि ‘मांडणी’ यांच्यापुढे एखादे नाव बारीक अक्षरात असते. ते वाचा. मग कोठलेही एक पान उघडून त्या नावाचे काम तपासा: ओळींना श्वास आहे का, ‘ऱ्या’ जागेवर आहे का, समासात बोट ठेवायला जागा आहे का. पसंत पडले तर तसे संपादकांना कळवा. न पडले तरी कळवा. लेखकांना पत्रे पुष्कळ येतात.